काचबाई आणि पेशींतले ठिपके

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी रक्ततपासणीची खोली. तिथे काचबाई चौतीस वर्षं बसल्या. तोंड म्हणजे तोफखाना. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली आणि एवढ्या काळात माझं कौतुक एकदाच झालं : "आज कालच्यापेक्षा कमी गाढवपणा केलास."

नवं यंत्र आलं तेव्हा व्यवस्थापकांनी फीत कापली. रक्त लाल असतं यापलीकडे या गृहस्थांना काही ठाऊक नव्हतं. लगेच भिंतीवर कागद लागला : डॉक्टरांनी मागितल्याशिवाय काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहू नये, वेळ जातो. काचबाईंनी तो कागद काढला आणि त्यावर ओल्या काचा वाळत घातल्या. तापाचा रुग्ण आला की एक थेंब काचेवर, हा त्यांचा नेम. देवाला ताप आला असता तरी त्याचंही बोट टोचलं असतं.

एका सकाळी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आला. चाळिशी उलटलेला, अंगात थंडी भरलेली. वरच्या तरुण डॉक्टरांना रुग्णापेक्षा स्क्रीनचा चेहरा जास्त ओळखीचा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि घरी जायला सांगितलं. यंत्राचे आकडे बरे होते, मीही बटण दाबून मोकळा झालो.

"इकडे ये, शहाण्या," काचबाई म्हणाल्या.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही लाल पेशींत एकेक गोल, गडद जांभळा ठिपका होता.

"रंगाची घाण असेल."

"घाण काय दार उघडून पेशीच्या आत जाऊन बसते? बाहेर एक तरी ठिपका दाखव."

एकही नव्हता.

"पाणथरी काय करते, माहीत आहे? का तेही यंत्राला विचारून सांगतोस?"

मग त्यांनी सांगितलं, अर्थात शिव्या घालत. पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, रक्त नळीतून बाहेर एका मऊ जाळीत उतरतं. परत नळीत शिरायचं तर भिंतीतल्या फटींतून अंग चोरून जावं लागतं, आणि फटी पेशीहून अरुंद. तरुण पेशी वाकते, दबते, निसटते. चार महिने राबून ताठ झालेली अडकते. तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातलं लोह नव्या पेशींसाठी हाडांतल्या मगजाकडे जातं, पिवळा रंग यकृतात जाऊन पित्तात उतरतो. तरुण पेशीत केंद्रकाचा कण मागे राहिला असेल, तर तेवढा कण काढून घेऊन पेशी पुढे सोडली जाते.

"काय ठेवायचं, काय टाकायचं हे कळतं तिला. आपल्या व्यवस्थापकापेक्षा अक्कल जास्त," बाई म्हणाल्या. "इथे ठिपके तसेच आहेत. म्हणजे वेचणारीच नाही. रक्तातले जंतूही तीच धरते, रे. या माणसाला गोळ्या देऊन घरी पाठवलं तर उद्यापर्यंत संपेल."

त्या जिना चढून वर गेल्या, मी मागोमाग. माणूस बुटांचे बंद बांधत होता. "याला पाणथरी नाही, घरी सोडू नका," बाईंनी डॉक्टरांना बजावलं.

"बाई, याचं फक्त अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, लहानपणी. त्यानेच सांगितलं," डॉक्टर म्हणाले.

"सदरा वर कर, बाबा."

डाव्या बरगड्यांखाली लांबलचक जुना व्रण.

"डॉक्टर, अपेंडिक्स डावीकडे कधी राहायला गेलं?"

डॉक्टरांची पाचावर धारण बसली. दहा मिनिटांत शिरेतून औषध सुरू झालं. दुपारी त्याचा रक्तदाब कोसळला, तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता म्हणून वाचला. पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी याला 'माझी सतर्कता' म्हटलं. असल्यांना लाज विकत आणून द्यावी लागते.

चौथ्या दिवशी काचबाई त्याच्यासाठी कार्ड घेऊन गेल्या : पाणथरी नाही, ताप येताच हॉस्पिटल. खाटेशी त्याची आई आणि बायको होती.

"अपेंडिक्स कोणी सांगितलं याला?"

म्हातारीने पदराशी चाळा केला. "मीच. आठ वर्षांचा असताना झाडावरून पडला. पाणथरी फुटली म्हणून काढली. ताप आला की धावत या, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आतून उणा असलेला मुलगा कोण पत्करणार? म्हणून कोणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. आणि इतकी वर्षं काही झालंही नाही. वाटलं, डॉक्टर उगीच भीती घालतात."

तीस वर्षांहून जास्त काळ या बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती. मला तिची चीड आली, आणि किळसही. काचबाई काही बोलणार, एवढ्यात सून बोलली. आवाज चढला नव्हता.

"सतरा वर्षं यांचा प्रत्येक ताप मी घरीच काढला, आई. कपाळावर ओलं फडकं ठेवून. आणि तुम्ही शेजारी बसून मला ते पिळून देत होतात."