कळशीवर घातलेला आळ

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सावर्ड्याच्या शाळेत रोज ज्यांच्याशेजारी बसून डबा खाते, त्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही.

घरात आम्ही दोघीच — मी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. नवरा नोकरीला मुंबईत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत त्याने काचेची टाकी आणली. आत वाळू, पाणवनस्पती, शेवाळ आणि नखाएवढ्या लाल कोळंब्या. आई हसल्या. "आता जवला पन पालायचा काय गो?" म्हणाल्या. जवला म्हणजे आमच्याकडे सुकवून खातात ती बारकी कोळंबी.

पण जीव लावला तो त्यांनीच! टाकीतलं पाणी जेवढं आटेल, तेवढी रोज सकाळी तांब्याच्या कळशीतून भर घालायच्या. सासरे पोफळीच्या वीजघरात कामाला लागले, तेव्हा त्यांनी आणलेली ती कळशी. सहा महिन्यांत कोळंब्यांना पिल्लं झाली. सुईत दोरा ओवता न येणाऱ्या आईंना ती केसाएवढी पिल्लं बरोबर दिसायची.

मग माझं काय बिघडलं होतं? काही नाही. पण नुसत्या कोळंब्या — टाकी कशी रिकामी वाटायची. वर एखादा मासा हवा. तीन आठवडे मी मोबाइलवर वाचत होते, कोळंबीबरोबर कोणता मासा चालतो ते. उत्तर एकच यायचं — अगदी बारका, रासबोरासारखा. चिपळूणच्या दुकानात ते रासबोरा पाहिले आणि माझा हिरमोड झाला. एवढेसे! पाहुण्यांना दाखवायचं काय?

शेजारच्या टाकीत एंजल नावाचा मासा होता. दोन रुपयांच्या नाण्याएवढा, चांदीसारखा, अंगावर काळे पट्टे. दुकानदार म्हणाला, "बाई, अंग बघू नका, तोंड बघा. हा वाढणार. तोंडात मावेल ते खाणार." मला रागच आला. मी तीन आठवडे वाचलेलं, आणि हा मला शिकवणार? शिकवायची सवय असलेल्या माणसाला कुणी शिकवलेलं कुठे खपतं! आणला एंजल.

पिल्लं विरळ होत गेली. शेवाळात लपली असतील, असं मी आईंना सांगत राहिले. तेव्हा ते मलाही खरं वाटत होतं — निदान पहिले काही दिवस. मग एका रविवारी दुपारी वह्या तपासताना सहज टाकीकडे पाहिलं. एक पिल्लू पानावरून उतरत होतं. एंजल त्याच्यासमोर स्थिर उभा. तोंड उघडलं, मिटलं. झालं.

मी पाहिलं — हे नीट लक्षात घ्या. पाहिलं, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्याच दिवशी त्याला परत करता आलं असतं. पण त्या दुकानदाराचं तोंड पुन्हा बघायचं? आज नको, उद्या, परवा — असं करत महिने गेले. तो वाढला, आणि मोठ्या कोळंब्याही दिसेनाशा झाल्या.

आई रडवेल्या झाल्या. "काय झालं गो त्यांना?"

आणि मी — अजून स्वतःचाच संताप येतो — मी म्हणाले, "आई, तांबं कोळंबीला विष असतं. तुमच्या कळशीचं पाणी..."

ते मी वाचलेलं होतं, म्हणून तर जिभेवर इतकं पटकन आलं. पण त्याच पाण्यात पिल्लं झाली होती, हे मला माहीत नव्हतं का?

आईंनी वाकून टाकीच्या तळाची वाळू न्याहाळली. आयुष्यभर मासळी निवडलेली बाई ती. "मेली, तर मढी कुठं गेली?"

"विरघळतात," मी म्हणाले. त्या शाळेची पायरीही चढलेल्या नाहीत. मी मास्तरीण. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कळशी माळ्यावर गेली. त्यानंतर आई कशालाही आपणहून हात लावेनात. तुळस, कढीपत्ता, पिण्याचा माठ — पाणी घालायच्या आधी मला विचारतात. सत्तरीच्या बाईने स्वतःच्या घरात विचारायचं! कधीकधी मी त्यांच्यावरच खेकसते. कुणावर खेकसायचं, ते कळत असूनही.

एंजल आहे अजून. तळहाताएवढा झालाय. आई रोज संध्याकाळी टाकीपुढे बसतात, चिमटीत खाणं धरतात आणि विचारतात, "घालू काय गो?"

मी हो म्हणते. मग त्या जपून, एकेक दाणा सोडतात. काल म्हणाल्या, "यो एक तरी वाचला गो माज्या हातातनं."

मी हो म्हणाले.