गप्प करायचं बटण

घरात तिला सगळे अक्का म्हणतात. वहिनी माघारी ‘सुसाट’ म्हणते, ते अक्काला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो, पण इतक्या वेगात, की ऐकणाऱ्याला वाटावं मोहोळ उठलंय. पोटासाठी ती सभांची रेकॉर्डिंगं टाइप करते. उरलेला जीव त्या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. तो फुकट मिळतो, कुणीही उघडून दुरुस्त करू शकतो, पण त्यातलं बोलण्याचं खातं, म्हणजे वेग, आवाज, थांबणं, हे अक्काचं. पैचीही मिळकत नाही, तरी त्यात कुणी नाक खुपसलेलं तिला खपत नाही.

त्या दुपारी फोन आला तो अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधून. तिथे फोन घेणाऱ्या माणसाची नजर चाळिशीत गेली होती. अक्काच्या प्रोग्रॅमच्या जोरावर तो पुन्हा आपल्या जुन्या खुर्चीत बसला होता.

“ताई, नवीन आवृत्ती टाकल्यापासून हा नीट गप्प बसत नाही,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “बटण दाबलं की थांबतो. पण पुढची ओळ वाचायच्या आधी मागचं उरलेलं बोलून घेतो. सकाळी एका पत्त्याला दुसऱ्याच घराचा नंबर जोडला मी. ड्रायव्हरला शंका आली म्हणून निभावलं. साहेबांनी मला फोनवरून उठवलंय. शिफ्ट संपायच्या आत दुरुस्त नाही झालं, तर उद्यापासून खुर्ची दुसऱ्याची.”

“माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय,” अक्का म्हणाली. प्रोग्रॅम करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आपोआपच बाहेर पडतं.

“तुम्ही सुसाट ऐकता हो. मी हळू ऐकतो. उशिरा शिकलो ना.”

हळू ऐकणाऱ्यांना अक्का ‘बैलगाडीवाले’ म्हणायची, तेही चारचौघांत. आता तिने मुकाट्याने वेग खाली आणला. एकेक शब्द रांगत यायला लागला. तिने बटण दाबलं, पुढच्या ओळीवर गेली, आणि मागच्या ओळीची शेपटी तिला स्वच्छ ऐकू आली. तिच्या वेगात ही शेपटी नुसती टिक्‌ व्हायची. ती तिला स्पीकरची खरखर समजली होती.

चूक तिचीच होती. अर्ध्यावर थांबवून तिथूनच पुढे ऐकायची सोय हवी, म्हणून लोक मागे लागले होते. त्यासाठी तिने प्रोग्रॅमला उरलेलं वाक्य राखून ठेवायला सांगितलं, आणि घाईघाईत गप्प करायच्या बटणालाही तेच शिकवलं. त्या बटणाने सगळं टाकून द्यायला हवं होतं. दोन-चार ओळींचं काम. तिने त्या लिहिल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

आवाजच गेला.

जुनी आवृत्ती तिने आधीच पुसली होती. ज्याच्या तोंडून वाचायचं तोच मुका झाला, मग काय बिघडलंय ते वाचणार कोण? एरवी ती मेली तरी कुणाला हाक मारत नाही.

“वहिनी, जरा येतेस? लवकर.”

वहिनी ओल्या हातांनीच आली. “मला यातलं ओ की ठो कळत नाही हं.”

“नाही कळलं तरी चालेल. नुसतं वाच.”

वहिनी अडखळत वाचू लागली. “हे कंस, टिंबं वगैरे पण वाचायचं?”

“तेच तर वाचायचं.”

शब्द सगळे बरोबर होते. अक्काने पुन्हा वाचायला लावलं. तिकडे शिफ्ट संपत आली असणार, या विचाराने ती वहिनीवर खेकसली.

“अगं, वाचलं की सगळं,” वहिनीही चिडली. “फक्त ही खालची ओळ जरा बाहेर आलीय. वरच्या आत आहेत. ते मुद्दाम आहे का?”

मुद्दाम नव्हतं. प्रोग्रॅमच्या या भाषेत ओळीच्या आधीची मोकळी जागासुद्धा मोजली जाते, आणि ती वाचून दाखवायचं वहिनीला कसं सुचणार? अक्काने ओळ आत सरकवली. कॉम्प्युटर बोलू लागला, बैलगाडीच्या वेगात. दुरुस्ती पाठवून तिने स्पीकरवर फोन लावला.

“टाकली. साहेब मागेच उभे आहेत,” तो कुजबुजला. त्याच्यामागून कुणीतरी म्हणालं, “पुढचा फोन तू घे. मी ऐकतोय.”

त्याने मोबाइल तसाच टेबलावर ठेवला असावा. घंटी वाजली, त्याने फोन घेऊन पत्ता टाइप केला. त्याचा कॉम्प्युटर एक जुनी नोंद संथपणे वाचत होता. खट्‌. शांतता. मग कॉम्प्युटरने नवा पत्ता वाचला, पहिल्या शब्दापासून, मागचं काहीही न चिकटता. त्याने तो ड्रायव्हरला सांगितला.

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “बस तिथेच.”

पुन्हा घंटी वाजली, त्याने फोन घेतला. अक्काला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

“तो काही परत बोलत नाही,” वहिनी म्हणाली. “ठेवू का फोन?”

“राहू दे थोडा वेळ,” अक्का म्हणाली. तिकडे तो तिला साफ विसरून काम करत होता.