सापाकडे तक्रार करा

माझा नवरा गवंडी होता. होता म्हणजे आजही आहे, पण उजव्या हाताशिवाय. दगडाच्या कामात त्याचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. एका घराचा पाया भरताना त्यानं ढिगातला दगड उचलला आणि खालच्या घोणशीनं मनगटाच्या वर तोंड रोवलं. दुपारची वेळ होती. मी मुलांची शिकवणी घेत होते. एक मजूर धावत आला आणि म्हणाला, "वहिनी, दादाले लागलं पान." आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

गावातच सरकारी दवाखाना आहे. पक्की इमारत, बाहेर मोठा फलक. डॉक्टर नव्हते. नर्सबाईंनी हात बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. "इथं सापाचं औषध नाही हो ताई, कधीपासून मागतो आहोत आम्ही. वेळ घालवू नका, बुलढाण्याला न्या."

आम्ही घाटाखालचे. बुलढाणा वर, घाट चढून. मोताळ्याहून परतणारे एक मुस्लीम चाचा त्यांच्या जीपमध्ये कोंबड्यांची खुराडी घेऊन चालले होते. त्यांनी खुराडी तिथंच रस्त्यावर उतरवली आणि नवऱ्याला मागच्या सीटवर आडवं केलं. राजूर घाटात तो मला म्हणाला, "मले दोन दोन झाडं दिसून राह्यले." चाचा मागं न बघता म्हणाले, "बात करत राहा बेटी, सोने मत देना."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. हात मात्र काळा पडत गेला आणि शेवटी कोपराखाली काढावा लागला. एक डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पहिलं इंजेक्शन गावातच मिळालं असतं, तर हात राहिला असता कदाचित." त्यांनी ते 'कदाचित' माझ्या समाधानासाठी जोडलं होतं. मला त्यातून समाधान मिळालं नाही, एक पत्ता मिळाला. औषध गावात का नव्हतं, हे सांगणारा माणूस कोण, एवढंच मला शोधायचं होतं.

तो सापडला. दवाखान्यांना औषधं पोचतात की नाही हे बघणारे साहेब. मी त्यांच्या बुलढाण्याच्या कचेरीत गेले तेव्हा ते डबा खात होते. टेबलाभोवती चारपाच माणसं बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि मान वर न करता म्हणाले, "साप चावला, त्याची तक्रार माझ्याकडे कशाला? सापाकडे करा."

सगळे हसले. एकाला तर ठसका लागला, दुसऱ्यानं त्याला पाणी दिलं. मी जिना उतरले, एस.टी. स्टँडवर आले, गाडीत बसले, घाट उतरले, तरी ते हसणं कानातून जाईना. मी रडले नाही. रडले असते तर राग थोडा वाहून गेला असता आणि मला तो वाहू द्यायचा नव्हता.

त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. नवरा डाव्या हातानं जेवायला शिकला, शर्टाची बटणं लावायला शिकला. दुसऱ्यांच्या बांधकामावर उभा राहून भिंत ओळंब्याला सरळ आहे का ते सांगू लागला. त्याचा राग कधीच निवला होता. माझा मी रोज फुंकर घालून जागता ठेवला होता.

आणि एक दिवस गावात बातमी आली की विधिमंडळाची समिती येणार. शाळा, पाणी, दवाखाना हे सगळं राज्यानं जिल्ह्याच्या कारभाऱ्यांच्या हाती सोपवलेलं आहे. कारभारी ते कसं चालवतात, हे विचारायला मुंबईहून आमदार येतात, अधिकाऱ्यांना समोर उभं करतात आणि प्रश्न विचारतात. त्या दौऱ्यात आमच्या गावचा दवाखाना होता.

मग काय, दवाखान्याला रंग लागला. कुंड्या आल्या. मोडकी खाट गेली, नवी चादर आली. आणि एका सकाळी ते साहेब स्वतः माझ्या दारात उभे राहिले. सोबत ग्रामसेवक. गावातून कोणीतरी बोलणारी बाई हवी होती आणि ग्रामसेवकानं माझं नाव सुचवलं होतं.

साहेबांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

"तुम्ही शिकलेल्या आहात, शुद्ध बोलता असं ऐकलं," ते म्हणाले. "फार काही नाही. डॉक्टर असतात, औषधं मिळतात, एवढंच सांगायचं. गावाचंच नाव होईल."

नवरा ओसरीवर बसला होता. साहेबांची नजर त्याच्या बाहीवर गेली. "अरेरे. मशीनमध्ये गेला का हात?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हाव साहेब."

मी चहा केला. साखर जरा जास्तच घातली. "सांगते साहेब," मी म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "काय सांगनार हाय तू?"

"जे झालं ते."

"जाऊ दे न व. हात काही परत येत नाई."

"हात नाई येत. पन तो खुर्चीवरून खाली तं येईन."

 रात्री तो जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी समिती आली तेव्हा ऊन चढलं होतं. गाड्यांची रांग लागली. समितीचे प्रमुख पिकल्या केसांचे आमदार होते, थकलेले दिसत होते. मला वाटलं, हे काय विचारणार? हार घालून घेतील आणि जातील. पण त्यांनी हार हातातच धरला आणि थेट व्हरांड्यात उभं राहून साहेबांना विचारायला सुरुवात केली.

"डॉक्टर मुक्कामी असतात?"

"असतात सर."

"सापाचं औषध आहे?"

"पुरेसा साठा आहे सर."

"गावाला विचारू का?"

"जरूर सर," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला हातानं पुढं बोलावलं. नवी साडी नेसून आलेल्या सुनेला सासूबाई बोलावतात तसं, कौतुकानं.

मी शुद्ध बोलणार होते. घरी वाक्यंही जुळवली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक बघितलं आणि तोंडातून माझीच भाषा बाहेर पडली.

"साहेब, माह्या मालकाले पान लागलं तवा इथं औषध नोतं. त्याचा हात गेला. म्या ह्या साहेबाकडं तक्रार घेऊन गेलती. ह्यांनी सांगतलं, सापाकडं तक्रार कर. म्या लय शोधला साप, भेटला नाई. म्हून आज तुम्हाले विचारते. औषध काऊन नोतं?"

 साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी त्या बघण्याची इतके दिवस वाट पाहिली होती. मीही नजर हलवली नाही.

"सर, ही बाई राजकारण करते आहे," ते म्हणाले. "यांच्या नवऱ्याचा हात मशीनमध्ये गेला. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन आलो आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून गर्दी हलली. नवरा पुढं आला. त्याला मी बोलावलं नव्हतं. सकाळी तर तो येणारच नाही म्हणाला होता. त्यानं डाव्या हातानं बाही वर सरकवली आणि तो हात प्रमुखांच्या पुढं धरला.

"मशीन नोती ते, साहेब," तो म्हणाला. "काल मी खोटं बोललो. त्यायले वाईट वाटू नये म्हून."

प्रमुखांनी बराच वेळ त्या हाताकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "औषध दाखवा."

औषधं ठेवायचा फ्रीज आतल्या खोलीत होता. किल्ली मिळेना. मग मिळाली. दार उघडलं तर आत थंड पेयाच्या बाटल्या. वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत, रंगीबेरंगी, घामेजलेल्या. बाकी काही नाही.

"या कोणासाठी?" प्रमुखांनी विचारलं.

साहेब बाटल्यांकडे बघत म्हणाले, "सर, आपल्यासाठी."

खिडकीतून डोकावणारी सगळी बाया-माणसं हसली. एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून बसलीच खाली. मी हसले नाही. मला ते हसणं त्यांच्या कानात नीट शिरू द्यायचं होतं.

प्रमुखही हसले नाहीत. "साप चावलेल्याला हेच पाजता का?" त्यांनी विचारलं. बुलढाण्याच्या बैठकीत पुढं तासन्‌तास प्रश्न झाले म्हणे, आणि साहेबांना मुंबईला साक्षीला यायचा हुकूम झाला.

मुंबईला जाण्याआधी ते पुन्हा एकदा माझ्या दारात आले. या वेळी सोबत ग्रामसेवक नव्हता, पत्नी होती. दाराबाहेरच चपला काढून ओसरीच्या कडेला बसले. "ताई, तुम्ही एवढंच लिहून द्या की गैरसमज झाला होता. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत." त्यांच्या पत्नीनं हात जोडले. त्या बाईचं मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण तेवढंच.

दारात आलेल्या दुश्मनालाही आमच्याकडे पाणी देतात. नवरा उठायला लागला. मी म्हटलं, "बसा, मी आनते." आत गेले आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिले. माठ समोरच होता.  बऱ्याच वेळानं बाहेर चपलांचा आवाज आला, गाडीचा आवाज आला. तेव्हा मी उठले.

"पानी तरी द्याचं," नवरा म्हणाला.

"नाई दिलं," मी म्हणाले.

साहेब निलंबित झाले. त्या दिवशी मी मुद्दाम एस.टी.नं बुलढाण्याला गेले, त्या कचेरीचा जिना चढले आणि दारावरची रिकामी पाटी बघून आले. काम काहीच नव्हतं. येताना मनाजोगी भजी खाल्ली.

आता आमच्या दवाखान्यात डॉक्टर राहतात. औषध असतं. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावातली एक पोरगी तिथंच वाचली. तिची आई माझ्या पाया पडायला आली आणि म्हणाली, "ताई, तुमी गावाचं भलं केलं." मला तिला सांगावंसं वाटलं की बाई, मी भलं करायला नव्हते गेले. पोरगी वाचली याचा आनंद खरा आहे. पण दवाखाना तसाच राहिला असता आणि फक्त त्या माणसाचं वाईट झालं असतं, तरी मी तेवढीच भजी खाल्ली असती.

पुढं कळलं की साहेब परत रुजू झाले, दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच कामावर. तेव्हापासून मी आमच्या आमदारांकडे जाते. अधिवेशन जवळ आलं की जाते. त्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांत सापाचं औषध आहे का, हा प्रश्न सभागृहात विचारा म्हणते. एकदा त्यांनी विचारला. मंत्र्यांनी उत्तर दिलं, चौकशी करू. मला माहीत आहे, अशा चौकशीचं पत्र शेवटी कुणाच्या टेबलावर जाऊन पडतं.

परवा आमदारांकडे निघाले तर नवरा दारात उभा. "त्याले सोडशीन का नाई तू?"

"नाई."

तो हसला. डाव्या हातानं माझी पिशवी उचलून खांद्याला अडकवली आणि फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आला.