काठमांडूचं झेंडावंदन

झेंडावंदनाला नारळ लागतो असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. मी ती वाचली आहे. पण आमच्या नगर जिल्ह्यात पाण्याची टाकी असो की पिठाची गिरणी, नारळ फुटल्याशिवाय काही सुरू होत नाही आणि आभारप्रदर्शन झाल्याशिवाय काही संपत नाही. ही पद्धत आम्ही परदेशातही नेली. त्या सकाळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुष्काळाचं साल होतं. मी तेव्हा कोल्हारला शाळेत शिकवत होतो. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने नेपाळची यात्रा काढली. चाळीसेक माणसं जमली, त्यातली बहुतेक कालव्याच्या कृपेने दुष्काळ फक्त वर्तमानपत्रात वाचणारी. जिल्ह्याच्या दक्षिणेला बायामाणसं खडी फोडत होती त्या दिवसांत आम्ही मनमाडला गाडीत बसलो. मी रजा काढून गेलो, कारण मला हिमालय बघायचा होता. तेव्हा हे कारण पुरेसं वाटलं.

त्या कोरड्या दक्षिणेकडची म्हणावी अशी एकच बाई आमच्यात होती, मिरजगावची एक म्हातारी. तिचा मुलगा फौजेत. आदल्या वर्षीच्या बांगलादेशच्या लढाईत त्याचं पत्र येईनासं झालं, तेव्हा तिनं नवस बोलला होता, तोही थेट पशुपतिनाथाला.

"आपल्याकडचे देव सोडून एवढ्या लांबचा का?" मी गाडीत विचारलं.

"मास्तर, लडाई तिकडं चाललेली. आपल्या देवांना तितकं लांबचं दिसंल का? म्हनलं, जवळचा देव गाठावा."

यातलं तर्कशास्त्र मला बिनतोड वाटलं. मुलगा धडधाकट परत आला, रजा संपल्यावर पुन्हा सरहद्दीवर गेला. नवसाचा नारळ वर्षभर देव्हाऱ्यात होता. आता तो लाल फडक्यात बांधून तिच्या गाठोड्यात होता. इतका वाळला होता की हलवला की आतला गोटा खुळखुळायचा. रात्री तो ती उशाला घ्यायची. "ह्यो पोचला की मी मोकळी. न्हाई पोचला तर त्यो अजून तिकडंच हाय," असं ती म्हणायची. पोराचं नाव घ्यायची नाही.

रक्सौलहून बसने घाट चढून आम्ही काठमांडूला पोहोचलो ते पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी. जेवताना पुढारी म्हणाले, "उद्या सव्वीस जानेवारी. झेंडावंदन आठ वाजता. मग दर्शन."

मी म्हणालो, "आपल्या वकिलातीत होत असेल की. आपण तिकडेच जाऊ."

पुढाऱ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यांच्या शेजारी एक निवृत्त तलाठी बसत. पुढाऱ्यांच्या मनातलं बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, "गुरुजी, तिथं साहेबांना अध्यक्ष कोण करणार?"

सकाळी धर्मशाळेच्या चौकात कपडे वाळत घालायचा बांबू रोवला. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने हात जोडून एवढंच सांगितलं, की देश दुसऱ्याचा आहे, झेंडा भिंतीच्या वर दिसू देऊ नका. तेव्हा बांबू कापून आखूड केला. झेंडा तलाठ्यांनी घरून आणला होता, शाल आणली होती, हार आणला होता, तोही कागदी, म्हणजे वाटेत कोमेजायला नको. नारळ मात्र विसरले.

पावणेआठ झाले होते. धुकं होतं, बाजार उघडला नव्हता. नारळाशिवाय सुरुवात कशी करायची यावर गंभीर चर्चा झाली. कुणी म्हणालं, थांबू. पुढारी म्हणाले, "वेळ म्हणजे वेळ." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मला थंडी वाजत होती, आणि हा तमाशा लवकर आटपावा एवढीच इच्छा होती. मी तलाठ्यांना म्हणालो, "नारळ काय, मिरजगावच्या मावशींकडे आहे की एक."

एवढंच बोललो. थट्टेत बोललो असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगत असे.

म्हातारी दर्शनाआधीच्या आंघोळीला गेली होती. तलाठी तिच्या गाठोड्याकडे गेले आणि नारळ घेऊन आले. "मावशींना मागून सांगू. देशाच्या कामाला कोण नाही म्हणतंय?"

मी रांगेत जाऊन उभा राहिलो. मग तलाठ्यांनी अध्यक्षपदाची सूचना मांडली, एका अडत्याने अनुमोदन दिलं, जणू दुसरा कुणी उमेदवार बांबूमागे लपला होता. तलाठ्यांनी बांबूच्या बुडाशी दगडावर नारळ फोडला. गोटा अख्खा निघाला. टाळ्या झाल्या. "शुभशकुन," अडते म्हणाले. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, चाकूने गोट्याचे तुकडे करून वाटले गेले, आणि पुढारी बोलायला उभे राहिले. गळ्यात मफलर, विषय दुष्काळाशी झुंजणारा महाराष्ट्र.

म्हातारी ओल्या केसांनी चौकात आली ती याच वेळी. आधी तिला बांबूपाशी पडलेलं लाल फडकं दिसलं. मग करवंट्या दिसल्या. खाली वाकून तिनं फडकं उचललं, पदर पसरला, आणि पहिल्या माणसापुढे जाऊन उभी राहिली.

"द्या."

त्याने तुकडा दिला. ती दुसऱ्याकडे गेली. भाषण चालूच होतं. कुणी हातातला दिला, कुणी खिशातला काढला, एका बाईने अर्धा चावलेला पुढे केला, तोही तिनं घेतला. रांग संपवून ती पुढाऱ्यांसमोर उभी राहिली. तेव्हा भाषण थांबलं. त्या यात्रेतलं मी पाहिलेलं एवढंच एक सत्कार्य.

"मावशी," ते म्हणाले, "तुमचा नारळ देशाच्या कामी आला. भाषणात तुमचं नाव घेतो."

"नाव नगं. माझा नारळ द्या."

"अहो, तो प्रसाद होता. खाल्ला मी. दुसरे पाच देतो."

"तुमचे पाच माझ्या पोराच्या नावाचे हायेत का?"

त्यावर त्यांनी आभारप्रदर्शन पुकारलं. ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, तुमचा?"

"खाल्ला," मी म्हणालो.

"गोड हुता का?"

"होता."

ती बसमध्ये बसायला तयार होईना. बाकीचे पुढे गेले, मी तिच्याबरोबर चालत निघालो. माणसं मरतात ती सरहद्दीवर आणि दुष्काळात, आणि हे लोक दोन्हींवर उभं राहून फोटो काढतात, असं बरंच काही मी वाटभर तावातावाने बोललो. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. देवळाच्या दारात मी म्हणालो, "मावशी, दोष माझाही आहे. नारळ तुमच्याकडे आहे हे मीच त्यांना सांगितलं."

तिनं पदरातल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता आत चला. ह्यो अर्धाच का, त्ये तुमी सांगायचं देवाला. मला त्येच्यापुढं त्वांड न्हाई."

"मी देव मानत नाही, मावशी."

"नसाल मानत. खरं सांगाया येतंय का न्हाई?"

पुजाऱ्याने पदरातले तुकडे पाहून तोंड वाकडं केलं, पण घेतले. गर्दी मागून रेटत होती. मी हात जोडले. आपण मोठ्याने बोलायचं आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी सुरुवात केली, पुढाऱ्यांनी काय केलं, तलाठ्यांनी कसा गाठोड्याला हात घातला.

तिनं माझं मनगट धरलं.

"तुमचं आधी," ती म्हणाली.