व्हर्लिनची टोपी

व्हर्लिन स्टबलफील्डचं डोकं मी सव्वीस वर्षं भादरतोय. आता त्यात भादरण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी तो दर सोमवारी येतो, खुर्चीत बसतो आणि टोपी मांडीवर ठेवतो. एरवी ती टोपी डोक्यावरून उतरलेली मी क्वचितच पाहिली. आमच्या डनिगन गावच्या कॉलेजात तो अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, बचावाचा कोच आहे. शनिवारी यार्ड मोजायच्या साखळीचा खांब धरून मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा असतो. त्यामुळे त्याचं सोमवारचं बोलणं आणि शनिवारचं वागणं, दोन्ही मला ठाऊक.

त्याचं म्हणणं एकच. समोरच्यांना चार यार्ड पुढे येऊ द्या, सहा येऊ द्या, पण मागचं दार उघडं टाकू नका. ब्लिट्झ म्हणजे सगळ्यांनी जागा सोडून चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडायचं. तो सापडला तर वाहवा. पण त्याआधी त्याने चेंडू फेकला, तर मागे एखादाच पोरगा उरतो आणि सगळा भार त्याच्यावर. वीस वर्षांपूर्वी व्हर्लिनने शेवटच्या मिनिटाला ब्लिट्झ लावला होता, तेव्हा मागे डेस्मंड प्रुएट नावाचा पोरगा एकटा उरला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, आम्ही हरलो, आणि गावाने त्याला इतकं टोचून टोचून खाल्लं की नाताळच्या आत तो कॉलेज सोडून निघून गेला. माझ्या दुकानातही त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं गेलं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आजही आठवलं की लाज वाटते. व्हर्लिनने तेव्हापासून कुणालाही मागे एकटं ठेवलं नाही.

पण खेळ बदलला. हल्ली समोरचे घोळका करून विचारविनिमय करत बसत नाहीत. एक चाल संपली की पंधरा सेकंदांत दुसरी. पोरं बदलायला वेळ नाही, श्वास घ्यायला वेळ नाही. चार-चार यार्ड देता देता आमची पोरं कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागतात आणि मग समोरचे चालत चालत गुण घेऊन जातात. असे आम्ही ओळीने तीन सामने हरलो.

त्या शुक्रवारी व्हर्लिन त्याचा वार नसताना आला. टोपी काढून तिची कड चाचपत बसला.

"बोल की," मी म्हटलं. "केस तर नाहीतच कापायला."

"कॉल्टन म्हणतो, उद्या हरलो तर पुढच्या आठवड्यापासून बचाव तो सांगणार. मी कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या." कॉल्टन म्हणजे मुख्य कोच, व्हर्लिनच्या मुलाच्या वयाचा.

"मग लाव की एकदा ब्लिट्झ! मरत नाहीस तू."

"मी कशाला मरतोय, हॉलिस? मरतो तो मागचा पोरगा."

मी वस्तरा धुवायला घेतला.

जाता जाता त्याने सांगितलं की आता हातवाऱ्यांना वेळच मिळत नाही, म्हणून कॉल्टनने एकच खूण ठरवली आहे. व्हर्लिनची टोपी डोक्यावर असेल तर सगळ्यांनी जागेवर राहायचं. उतरली की मागचा एक सोडून सगळ्यांनी धावायचं.

"टोपीच का?"

"त्याला वाटतं, लई मोठा विनोद केलाय."

शनिवारी टोपी जागची हलली नाही. कॉल्टन कडेने येरझाऱ्या घालत ओरडत होता, मीही खांबामागून म्हटलं, "काय रे, डिंक लावून आलायस काय?" व्हर्लिनने ढुंकून पाहिलं नाही. शेवटची चाळीस सेकंदं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो, समोरचे आमच्या गोलरेषेपासून तीस यार्डांवर आले होते, आणि आमच्या पोरांचे पाय लटपटत होते.

नेमकी तेव्हाच पलीकडच्या टोकाला, कापसाच्या जिनिंगकडून येणाऱ्या रस्त्यावर मिस ऑर्फाची शवगाडी दिसली. शाळेच्या खानावळीत चाळीस वर्षं या बाईने आम्हा सगळ्यांना जेवू घातलेलं. मागे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग होती. आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की माणूस गाडी कडेला घेतो आणि टोपी काढतो. विचार करावा लागत नाही, हातच जातो. माझाही गेला, पण हातात खांब होता.

व्हर्लिनने टोपी काढून छातीशी धरली.

पोरं सुटली. मागचा एक वगळता सगळे जागा सोडून फेकणाऱ्यावर धावले. व्हर्लिन "नाही! नाही!" म्हणून ओरडला, पण कोण ऐकतंय? फेकणाऱ्याने घाईघाईत चेंडू उंच भिरकावला, आमच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथे मागे राखणीला आमचा ट्रेव्हियन एकटा होता. व्हर्लिनने डोळे मिटले. मी नाही मिटले, म्हणून सांगू शकतो. ट्रेव्हियन वळला, उडाला, आणि चेंडू पोटाशी धरूनच खाली आला.

आम्ही जिंकलो. पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत मीही घुसलो, तिथे नुसता गोंधळ. कॉल्टनने व्हर्लिनला मिठी मारली. "म्हाताऱ्या, आहे की हिंमत तुझ्यात!"

व्हर्लिनने त्याला हळूच बाजूला केलं. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. "मी खूण केली नव्हती," तो म्हणाला. "मिस ऑर्फा चालल्या होत्या." मग त्याने खिशातला चालींचा कागद काढला आणि आता बचाव तूच सांग म्हणून कॉल्टनपुढे धरला. कागद घामाने ओला झाला होता.

बाकावर बसून मनगटाची पट्टी कापत असलेला ट्रेव्हियन म्हणाला, "गाडी मलाही दिसली होती, कोच. तुम्ही टोपी कशासाठी काढलीत ते मला कळलं होतं. मी हात वर केला असता तर सगळे थांबले असते."

"मग का नाही केलास?"

"तीन वर्षं तुम्ही माझ्या मागे कुणालातरी उभं ठेवता. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही."

व्हर्लिन बाकावर टेकला. त्याला इतका हरलेला मी डेस्मंडच्या वेळीही पाहिला नव्हता. वीस वर्षं तो ज्यापासून पोरांना जपत होता, तेच या पोराने आपणहून मागून घेतलं होतं. कॉल्टनने कागदाची घडी घातली आणि परत व्हर्लिनच्या खिशात कोंबली.

सोमवारी तो दुकानात आला, टोपी मांडीवर ठेवली आणि डोकं भादरून गेला. पुढचा सामना बाहेरगावी होता. त्यानंतरच्या शनिवारी आमच्या मैदानावर सामन्याच्या तिसऱ्या सत्रात समोरच्यांनी पुन्हा धावपळ सुरू केली आणि आमची पोरं पुन्हा धापा टाकायला लागली. व्हर्लिनने कोपऱ्यातल्या ट्रेव्हियनकडे पाहिलं. मग टोपी काढली.

मी लगेच वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.