डाव्या कोपऱ्यातली लाल पिशवी

बायको गेल्यानंतर पाचव्या महिन्यात मुलीने भिंतीवर लावायला आईचा एखादा फोटो मागितला. लग्नकार्यातले नकोत, म्हणाली, तुमच्या सहलींतला द्या. जालन्याहून मिळेल त्या एसटीने आम्ही दोघे अठरा वर्षे हिंडलो. प्रत्येक सहलीचे फोटो मी नीट लावून ठेवले आहेत. घाट, कडे, तळी, धुके. चार दिवस शोधत बसलो. ती एकाच फोटोत सापडली. भंडारदऱ्याचे पाणी, मागे डोंगर आणि डाव्या कोपऱ्यात पाठमोरी ती, खांद्याला माझ्या कॅमेऱ्याची लाल पिशवी.

आमचा हौशी फोटोवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथली रीत अशी की फोटो टाकला की तो सगळ्यांचा. कोणीही दोष दाखवावा, दुरुस्त करून परत टाकावा, आणि टाकणाऱ्याने आभार मानावेत. दर दिवाळीला ही मंडळी तिच्या हातचा फराळ खाऊन जात. ओळखतील असे वाटले. काही न लिहिता फोटो टाकला.

जाफराबादच्या एका मास्तरांनी लिहिले, "सर, पाणी मस्त आलंय. पण ती बाई कोण मधातच? लक्ष तिकडंच जाऊन राह्यलं."

मस्तगडला औषधांचे दुकान असलेला एक मित्र हा ग्रुप चालवतो. त्याने तेवढ्यात फोटो सुधारून टाकला. तिच्या जागी गवत होते. खाली लिहिले होते, "बाई हटली अन् डोंगर उंच झाला बघा."

हसरे चेहरे आले, अंगठे आले. मी रीतीप्रमाणे आभार मानले. त्याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, या महिन्याचा फोटो तुमचाच. मोठा प्रिंट काढून दुकानात लावतो."

"कोणता?"

"सुधारलेला. मंग कोणता?"

"ती बाई म्हणजे तुमच्या वहिनी."

तो म्हणाला, "आधी सांगायचं ना सर. पाठमोऱ्या होत्या, कसं कळणार?"

त्याने आपला फोटो काढून टाकला आणि ग्रुपवर खरे ते लिहिले. थोड्याच वेळात माझ्या फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मास्तरांनी लिहिले, "वहिनींमुळंच फोटोत जीव आलाय, सर." सकाळी त्यांना तिची अडचण होत होती.

त्यांच्यावर मी पुष्कळ दिवस रागावून राहिलो. तो राग बरा होता. पुढे मुलीसाठी फोटो मोठा करताना तिचा उचललेला पाय दिसला आणि भंडारदऱ्याची ती सकाळ आठवली. निसर्गाच्या फोटोत माणूस नको, हे ग्रुपला मीच शिकवले होते. कॅमेरा लावला की मी तिच्याकडे न बघता हात हलवायचो, "जरा सरक." ती सरकायची. त्या दिवशी ऊन जाईल म्हणून मी घाई केली. बटण दाबले तेव्हा ती अजून चौकटीबाहेर पोचली नव्हती.

मुलीला फोटो पाठवला. तिने विचारले, "आई कुठं निघालीये यात?"

पाणी बघायला, असे मी लिहिले.