मार्बलमामांचे बारा खांब

भर बाजारपेठेत बंधुमंडळाची तीनमजली इमारत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी गवंडी, सुतार, लोहार अशा कारागिरांनी एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जायला मंडळ काढलं आणि स्वतःच्या हातांनी ती बांधली. बाहेरून सगळा घडीव दगड. वरच्या सभागृहात मात्र संगमरवर परवडेना. मग सुतारांनी बारा पोकळ लाकडी खांब केले आणि रंगाऱ्यांनी त्यांच्यावर संगमरवर रंगवला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं.

गेली चाळीस वर्षं ते रंगकाम सांभाळणारे आमचे मार्बलमामा. खरं नाव मंडळातही कुणाला आठवत नाही. दरवर्षी एक खांब घ्यायचा, जुना रंग खरवडायचा, पिसाच्या टोकानं संगमरवराच्या नव्या शिरा ओढायच्या.

"संसार माझ्याशी केलात की खांबांशी?" मामी विचारायच्या.

"खांब उलटून बोलत नाहीत," मामा म्हणायचे. त्या दिवशी चहा त्यांना स्वतःच करून घ्यावा लागे.

यंदा नगरपालिकेचा इंजिनीअर तपासणीला आला. इमारत धोकादायक ठरली, तर पाडायची, असं आधीच बजावलेलं. चौथ्या खांबापाशी तो थबकला.

"आरपार तडा गेलाय. हा खांब पडला की छत आलंच खाली," म्हणाला आणि लिहू लागला.

तो तडा म्हणजे मामांनी गेल्याच आठवड्यात ओढलेली शीर होती. अजून पुरती वाळलीही नव्हती. उभ्या आयुष्यात इतकी झकास शीर त्यांच्या हातून उतरली नव्हती. पण करता काय? चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि शीर पुसून टाकली. फार जिवावर आलं. मग खांबावर बोटानं टकटक केलं.

"पोकळ आहे साहेब. सगळा भार भिंतींवर."

इंजिनीअर खो खो हसला. "मानलं मामा तुम्हाला." मग त्यानं खिडकीवरच्या कोपऱ्यातल्या रेघेकडे बोट केलं. "आणि ती? तीही तुमचीच कलाकारी ना?"

मामांनी नुसती मान डोलावली असती, तरी इमारत वाचली असती. मामा खिडकीपाशी गेले.

"नाही. तो खरा तडा आहे. दोन वर्षांत वीतभर वाढलाय. लिहा तो."

इंजिनीअरनं लिहिलेलं पान फाडलं आणि कोऱ्या पानावर 'दुरुस्ती' असं लिहिलं.

"अजून कुठे कुठे खरे आहेत, तेवढे दाखवा," तो म्हणाला.

मामा पुढे झाले.